आप्पांच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो

पत्र (थोडं कापून देतेय, गावाचं आणि माणसांची नावं काढलीयेत):

ताई, मी कोपरखैरण्याला राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत जॉबला आहे. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. मूळ गाव पाटण तालुक्यात. मागच्या वर्षी अटॅक येऊन गेले. आता पुढच्या महिन्यात गावाला वर्षश्राद्ध आहे. दादाने 2 लाख 80 हजारांचं बजेट काढलंय, मांडव, कीर्तन, पाचशे माणसांचं जेवण. एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. दादाचा आधी टेम्पो होता, हप्ते थकले म्हणून गेला, आता तो बाईकवर डिलिव्हरी करतो. आमच्या वॉर्डातले एक पुढारी आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात (नाव नको), ते म्हणतात निम्मा खर्च मी करतो, फक्त कोपरखैरण्यात आणि गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लावू. आप्पा जन्मभर युनियनचे माणूस, भाऊंच्या पक्षाला त्यांनी कधी मत दिलं नाही. आमच्या देवघरात विठ्ठलाच्या शेजारी अण्णासाहेब पाटलांचा फोटो आहे, तो आप्पांनीच लावलाय. मी फ्लेक्स नको म्हटलं तर दादा म्हणतो, तू देव मानत नाहीस, तुझा श्राद्धाशी संबंध काय. खरंय, मी मानत नाही, आप्पा गेल्यापासून तर अजिबातच. फॅमिली ग्रुपवर आम्ही राजकारणावरून एवढे भांडलो की आता फोन पण बंद आहेत. आई काही बोलत नाही. मी जाऊ की नको?

ता. क. दादा म्हणतो आलीस की तलाठ्याकडच्या कागदावर सही करून जा. आणि आप्पांचा मोबाईल नंबर मी अजून रिचार्ज करते, हा वेडेपणा आहे का?

उत्तर:

जा. आणि कार्याच्या दिवशी पाहुण्यासारखी अकराला पोचू नकोस, आदल्या दिवशी जा, मुक्कामाला जा, भाजी निवडायला बस. बाकी सगळं नंतर बोलू पण हे आधी लिहून टाकते, कारण पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तू न जाण्यासाठी एखादं चांगलं कारण शोधतेयस आणि ते मी द्यावं अशी तुझी इच्छा आहे. मी देणार नाही.

आता फ्लेक्स. तू डिझाईन पाठवलंस ते मी मोबाईलवर मोठं करकरून बघितलं. निळं आकाश, ढग, एका बाजूला समई. वरच्या ओळीत गोल गोल चौकटीत सगळे साहेब, दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत उतरत्या क्रमाने. उजवीकडे भाऊ, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, पांढरा शर्ट, हात जोडलेले. आणि खाली डाव्या कोपऱ्यात आप्पा, टोपी घातलेला ओळखपत्राचा फोटो, मागचं बॅकग्राऊंड खोडताना डिझायनरने त्यांचा एक कान पण खोडलाय. 'भावपूर्ण' मधला पू ऱ्हस्व आहे ते सोडून देऊ, ते तर ठाण्यात पण सगळीकडे असंच असतं. मी चरईत राहते, स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत चालत आले की वाढदिवस, निवड, दहावा, पुण्यस्मरण असं सगळं एकाच खांबावर एकाखाली एक वाचून होतं, आणि कित्येकदा कोण गेलंय आणि कोणाचा वाढदिवस आहे ते कळायला दोनदा बघावं लागतं, कारण चेहरे तेच असतात, हसू पण तेच असतं.

आणि हे फ्लेक्स बहुतेक वेळा बिनपरवानगीचे असतात बरं का. 1995 चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे, उच्च न्यायालयाने 2017 मध्ये महापालिकांना चांगलं खडसावलं पण होतं. खाली 'विनीत' म्हणून दादाचं नाव मोबाईल नंबरासकट छापलंय. उद्या कोणी तक्रार केली आणि महापालिकेने गुन्हा दाखल केला तर वरच्या ओळीतल्या साहेबांकडे कोणी जाणार नाही, खालच्या नंबरवर फोन येणार. दादाला हे सांग, पक्षाबद्दल काही न बोलता नुसतं एवढंच सांग.

पण तुझा खरा त्रास परवानगीचा नाहीये हे मला कळतंय. तुला वाटतं आप्पांना चोरून नेतायत. आणि इथे मी तुझ्याशी अर्धीच सहमत आहे, कारण तूच लिहिलंयस की देवघरात विठ्ठलाच्या बाजूला अण्णासाहेबांचा फोटो आहे. अगं ते पण पुढारीच होते. पाटण तालुक्यातलेच, माथाड्यांना एकत्र आणणारे, आमदार पण झाले. 1982 च्या मार्चमध्ये मराठा आरक्षणासाठी मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हापासून दर 25 सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, माथाडी मेळावा होतो आणि त्यात प्रत्येक रंगाच्या झेंड्याचा माणूस येऊन आप्पांसारख्या लोकांसमोर भाषण करून जातो. म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावावर राजकारण तुमच्या घराला नवीन नाहीये, आप्पा स्वतः त्या मेळाव्याला ट्रकमधून गेले असतील, टोपी सारखी करून पहिल्या रांगेत बसले असतील. नवी मुंबईत तर हे फारच आहे. विमानतळाला कोणाचं नाव द्यायचं यावरून प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील ह्यांच्यासाठी 2021 ला अख्खी आगरी-कोळी गावं रस्त्यावर उतरली होती, सिडकोला (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) घेराव घातला तो पण नेमका 24 जूनला, म्हणजे दिबांच्या स्मृतिदिनीच. आणि जासईला जानेवारी 1984 च्या आंदोलनातले जे पाच जण गोळीबारात गेले त्यांच्यासाठी अजून दरवर्षी लोक जमतात, ज्यांची जमीन सिडकोने घेतली त्यांची नातवंडं पण जमतात. तिथे पण पुढारी असतात, भाषणं असतात. मी ह्यातल्या कशालाच नावं ठेवणार नाही.

फरक फक्त एवढाच बघ की देवघरातला तो फोटो आप्पांनी स्वतःच्या पैशाने फ्रेम करून स्वतः खिळा ठोकून लावलाय. इथे उलटं चाललंय, भाऊ आप्पांना फ्रेम करतायत. आणि खर्च ज्याचा त्याचा फोटो मोठा, हा फ्लेक्सचा साधा हिशोब आहे, त्यात भाऊ वाईट माणूस असायची पण गरज नाही.

आता दादाकडे येते. तू त्याच्यावर फार चिडलीयेस आणि त्याच्यावर लिहिलेल्या भागात तू त्याला एकदा 'विकला गेला' असं म्हटलंयस (ते मी छापलं नाही). मला नाही तसं वाटत. तू जरा आप्पांची नोकरी आणि दादाचं काम शेजारी शेजारी ठेवून बघ. आप्पा पण काय परमनंट नव्हते. रोज वेगळ्या गाळ्यावर गाडी लागणार, आज ह्या व्यापाऱ्याची गोण, उद्या त्याची, मालक असा कोणी एक नाहीच. पण 1969 ला माथाडी कायदा आला आणि त्यात आयडिया अशी की ठरलेला मालक नाहीये ना, मग बोर्डच मध्ये उभं करायचं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक जादा रक्कम, बोर्डाकडे भरायची, आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. टोळीला नोंदणी, मुकादम, पगाराची तारीख. पन्नास किलोच्या वरची गोण उचलणार नाही म्हणून संप करायची ताकद. कोपरखैरण्याला सिडकोच्या घरांमध्ये माथाडी राहायला आले ते पण अशाच सगळ्यातून. गोणीला लोखंडी हूक लावून पाठीवर घेणारा, जेमतेम शिकलेला माणूस मुलीला इंजिनियर करू शकला, ते एकट्या विठ्ठलाच्या कृपेने झालं नाही.

मग 2016 ला भाजीपाला आणि फळं नियमनमुक्त झाली, म्हणजे बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळी झाली, थेट विक्री वाढली, मॉलवाले आणि अॅपवाले बाहेरच्या बाहेर माल उचलायला लागले, माथाड्यांनी बंद पुकारले. कांदा-बटाटा मार्केटला ते किती जाणवलं ते तुला घरात बसून माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आणि आप्पांनी दादाला टोळीत घातलं नाही, बरोबर ना? तू लिहिलं नाहीयेस पण मी ह्या पिढीतल्या कितीतरी घरांत ऐकलंय, बाप म्हणतो मी उचलल्या तेवढ्या बास, तू गोण उचलायची नाही. चांगल्याच भावनेने म्हणतो. मग पोराने टेम्पो घेतला, हप्ते थकले, टेम्पो गेला, आता पाठीवर चौकोनी बॅग. म्हणजे बापाच्या पाठीवर ओझं होतं पण मागे कायदा होता, आणि दादाच्या मागे कोण आहे, तर भाऊ. पावसात गाडी घसरून हात मोडला तर अॅपमधून मेसेज येईल, हॉस्पिटलला भाऊंचा फोन जाईल. पोराच्या अॅडमिशनला भाऊ, पोलीस स्टेशनला भाऊ. तू ऐरोलीच्या एसी ऑफिसात बसून, मेडिक्लेम आणि पीएफ कटिंगवाली सॅलरी स्लिप हातात घेऊन, त्याला तत्त्व शिकवतेस तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल ह्याचा विचार कर. ग्रुपवरचं तुमचं भांडण पक्षांचं दिसतं खरं, पण मला ते पगाराचं वाटतं.

म्हणून भाऊंचे पैसे नको असतील तर दादाला नुसतं 'नको' म्हणून चालणार नाही, त्याला भाऊंची एवढी गरज लागते ती थोडी कमी कशी होईल ते बघावं लागेल, आणि ते तुला जमण्यासारखं आहे कारण फॉर्म भरणं, ऑनलाईन अपलोड, बँकेत जाऊन इंग्लिशमध्ये हुज्जत हे सगळं तू करू शकतेस. दोन-तीन गोष्टी सांगते. टेम्पो परत घ्यायचा असेल तर अण्णासाहेब पाटलांच्याच नावाचं आर्थिक मागास विकास महामंडळ आहे, तुम्ही त्यात बसत असाल तर त्यांची व्याज परताव्याची योजना बघा, कर्ज बँकच देते, हप्ते वेळेवर भरले की व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत महामंडळ परत करतं. आधीचे हप्ते थकलेत म्हणजे सिबिल खराब असणार, बँक कुरकुर करेल, म्हणून आधी जुन्या कर्जाचं सेटलमेंट झालंय का, एनओसी घेतलीय का ते बघ, बऱ्याच लोकांचं तिथेच अडतं. तोवर ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, त्याची नोंद करून टाक. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत, जी 2025 च्या नोव्हेंबरपासून लागू केलीय, अॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कामगारांच्या फंडात टाकायचे असं म्हटलंय. आप्पांच्या लेव्हीपुढे हे फारच किरकोळ आहे, प्रत्यक्षात पदरात काय पडतं ते बघायचंय, पण नोंदच नसेल तर ते पण नाही. आणि तुला युनियनचा एवढा अभिमान आहे तर दादाशी पक्षावर बोलण्यापेक्षा हे बोल ना, की माथाड्यांना जे 1969 ला मिळालं ते बाईकवाल्यांना अजून का नाही. मला खात्री आहे ह्या विषयावर तो तुझ्यापेक्षा जास्त चांगलं बोलेल.

आता 2 लाख 80 हजार. हा आकडा बघून तुला दादा दिखाऊपणा करतोय असं वाटलं, पण गावचं जेवण हा नुसता दिखाऊपणा नसतो गं. आप्पा आयुष्यभर गावात दुसऱ्यांच्या तेराव्याला, वर्षश्राद्धाला, पुण्यस्मरणाला जेवून आलेत, मुंबईतून रात्रीची एसटी पकडून गेलेत, ते सगळं गावाच्या डोक्यात नोंदलेलं असतं आणि दादाला ते फेडल्यासारखं वाटायचं आहे. म्हणून जेवण काढू नकोस. बाकी काढ. तू मला जी यादी पाठवलीस त्यात जेवणाला निम्मे सुद्धा लागत नाहीयेत! मंडप आणि झालर, साऊंड, पुष्पवृष्टीला फुलांच्या पाट्या, व्हिडिओ शूटिंग, ड्रोन (श्राद्धाला ड्रोन, मी दोनदा वाचलं), आणि कीर्तनकार महाराजांची बिदागी जी बघून मला वाटलं आपण सदर लिहिण्यात आयुष्य घालवलं. भात, आमटी, एक भाजी, गोडाला लापशी, घरासमोर ताडपत्री, आणि महाराजांच्या जागी आप्पांच्या टोळीतले भजनी. मार्केटमध्ये भजन म्हणणारे माथाडी कितीतरी असतात, आप्पा स्वतः माळकरी होते की नाही ते तू लिहिलं नाहीस पण टोळीत चार तरी माळकरी सापडतीलच. त्यांना गाडीभाडं द्या आणि मान द्या. हे सगळं सव्वा लाखाच्या आत बसेल, आचाऱ्याशी मात्र तू बोल, दादाला बोलू देऊ नकोस, तो भिडस्त दिसतोय.

आणि हे पैसे तुम्ही दोघांनी घालायचे. तू जास्त घाल, तुझा पगार जास्त आहे, पण किती घातले ते ग्रुपवर टाकायचं नाही, वहिनीला पण सांगायचं नाही. कर्ज काढून नाही, हे पण सांगते. गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून हेच ओरडून सांगत फिरले की देवाच्या आणि मेलेल्याच्या नावाने कर्ज काढू नका, सावकार पोसू नका. आता सावकाराच्या जागी पर्सनल लोनचं अॅप आलंय इतकंच.

भाऊंचं काय करायचं? त्यांना बोलवा. खरंच बोलवा, दादाने स्वतः जाऊन आमंत्रण द्यावं, की भाऊ खर्चाचं आम्ही भावंडांनी जमवलंय, तुम्ही घरचे म्हणून जेवायला या. ह्या वाक्यात अपमान कुठे नाहीये आणि फ्लेक्स पण कुठे नाहीये. येतील, फोटोला हार घालतील, दोन मिनिटं हात जोडतील, पंगतीत बसतील, त्यांचा माणूस मोबाईलवर फोटो काढेल आणि संध्याकाळी त्यांच्या फेसबुकवर जाईल. जाऊ दे. तेवढं तू सोडायचं. तुला शंभर टक्के शुद्ध कार्यक्रम पाहिजे असेल तर तो घरात दार लावून चार माणसांत करावा लागेल आणि मग गावाला आप्पा दिसणार नाहीत. दादाला त्याच वॉर्डात राहायचंय, तुला पण.

श्रद्धेचं. तू देव मानत नाहीस म्हणून तुझा संबंध नाही, हे दादाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही, आणि मानत नाही म्हणून मी जाऊ नये हे तुझं पण पटलं नाही. तुमच्या सातारा जिल्ह्यात सत्यशोधकांची परंपरा केवढी मोठी! जोतिराव फुल्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून भटजीशिवाय लग्नं आणि बाकीचे विधी करणारी माणसं त्या भागात होती, कर्मवीर भाऊराव पाटील त्यातलेच, कराडजवळ काल्याला 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली त्यांनी. म्हणजे न मानणारे पण आपल्या माणसाला निरोप द्यायला उभे राहायचेच, फक्त रीत वेगळी करायचे. तुला पिंडाला हात लावायचा नाही तर नको लावूस, दादा करेल. तू वाढायला उभी राहा. कोणी विचारलंच तर सांग मला विधी जमत नाही, माणसं जमतात. आप्पांना पण बहुतेक तेवढं चाललं असतं. त्यांना श्रद्धेची बाजारातली बाजू माहीत होती, पितृपक्ष लागला की गवार, भोपळा, कारली, आळूची पानं ह्यांचे भाव वर जातात आणि कपड्याची, सोन्याची दुकानं ओस पडतात, हे वाशीच्या मार्केटमधल्या पोरालासुद्धा पाठ असतं. तरी घरी येऊन त्याच महागड्या गवारीची भाजी पानावर वाढून कावळ्याची वाट बघणारी ही माणसं. त्यात मला काही विसंगत वाटत नाही. मी स्वतः काही फार मानणारी नाही पण सर्वपित्रीला गच्चीत पान ठेवते, आमच्या बिल्डिंगचे कावळे इतके लाडावलेत की खिरीशिवाय हात लावत नाहीत.

पण सगळ्यात जास्त मला जे खटकलं ते वेगळंच आहे. तुझं पत्र एवढं मोठं, भाऊंवर दोन पानं, दादावर तीन, आणि आईवर एक वाक्य. 'आई काही बोलत नाही.' तिला कोणी विचारलंय का? नवरा तिचा गेलाय. तुम्ही दोघं आप्पांचे वारसदार असल्यासारखे भांडताय, आप्पा कोणाचे, युनियनचे की पक्षाचे, आणि जी बाई त्यांच्यासोबत त्या एका खोलीत तीस-पस्तीस वर्षं राहिली, पहाटे उठून डबा करत आली, तिच्या मते कार्य कसं व्हायला पाहिजे हे कोणालाच माहीत नाही. ह्याच रविवारी जा तिच्याकडे. दादा नसताना विचार. फार मोठा प्रश्न विचारू नकोस, गोडाला काय करायचं, कोणाला बोलवायचं, इथून सुरुवात कर, बाकीचं ती आपोआप बोलेल. आणि ती जर म्हणाली मला महाराजच पाहिजेत कीर्तनाला, तर वर मी जे बिदागीचं लिहिलं ते विसर आणि महाराज आण, ड्रोन नको.

आणखी एक, तिला त्या दिवशी कुठे बसवतात ते बघ. दहाव्याला तिचं कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या काय काय काढलं असेल ते मी विचारत नाही. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात ठराव केला की विधवा प्रथा बंद, आणि मग सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण सांगितलं की हेरवाडसारखं करा. तुमच्या गावाने केलं असेल नसेल. पण वर्षश्राद्धाला आप्पांच्या फोटोशेजारी पहिली खुर्ची आईची, हार पहिला आईचा, आणि ती मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायला लागली की तू हाताला धरून पुढे आणायचं. हे करायला देव मानावा लागत नाही. गावात एखादी म्हातारी तोंड वाकडं करेल, करू दे. ह्याच्यासाठी भांडायची वेळ आली तर भांड, फ्लेक्सपेक्षा ह्यासाठी भांडलेलं मला आवडेल.

आता तुझं ता. क., जे तू एका ओळीत उरकलंस. तलाठ्याकडचा कागद म्हणजे नक्की कुठला कागद ते विचार. दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक वारस नोंद, म्हणजे आप्पांच्या नावाच्या जागी सातबाऱ्यावर तुम्हा सगळ्यांची नावं लागणं, आई, दादा, तू. तो कागद असेल तर तुझं नाव त्यात आहे एवढं बघून खुशाल सही कर, दादावर संशय घेऊ नकोस. दुसरं हक्कसोड पत्र, म्हणजे तू तुझा हिस्सा सोडला. ते तलाठ्याकडे होत नाही, दुय्यम निबंधकांकडे जाऊन रजिस्टर करावं लागतं, आणि एकदा झालं की मागे फिरणं फार अवघड. पण बऱ्याचदा असं होतं की कार्याच्या गडबडीत चुलते येतात, 'बहिणीने लिहून द्यायची पद्धत आहे' म्हणतात, आणि पोरगी रडवेल्या डोळ्यांनी न वाचता सही करून येते, कधी त्यात 'माझा हिस्सा नको' असा जबाब असतो. आप्पांच्या स्वतःच्या मिळकतीत आई, दादा आणि तू सारखे वारस आहात (आजी हयात असेल तर ती पण), आणि वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुला दादाला द्यायचंय तर जरूर दे, त्याला तुझ्यापेक्षा गरज जास्त आहे हे मीच वर लिहिलंय, पण दोन-तीन महिन्यांनी दे, वाचून दे, आणि आईच्या नावावर राहायला घर राहील हे बघून दे. कार्याच्या दिवशी वारस नोंद सोडून कशावरही सही नाही. 'माझं आधार कार्ड कोपरखैरण्याला राहिलं' हे सगळ्यात सोपं उत्तर आहे.

तसंच बोर्डाकडचे आप्पांचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे आले का ते तू कुठेच लिहिलं नाहीस. नॉमिनी कोण आहे ते बघून घे. नॉमिनी दादा असला म्हणून सगळं त्याचं आणि आईचं काहीच नाही असं समजून कोणी चालू नये. क्लेम राहिला असेल तर टोळीच्या मुकादमाला सोबत घेऊन जा, त्याला सगळे टेबल माहीत असतात. आलेले पैसे आईच्या खात्यात, एफडी करून. त्यातून कार्याचा खर्च करायचा नाही, आणि टेम्पोचं डाऊन पेमेंट पण नाही, दादाने कितीही गोड बोलून मागितलं तरी.

आणि नंबर. वेडेपणा वगैरे काही नाही. उलट बंद करू नकोस इतक्यात, बँकेचे, बोर्डाचे, गॅसचे मेसेज त्याच नंबरवर येत असतील, आणि नंबर सुटला तर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकते, मग तुमच्या कागदपत्रांचे मेसेज भलत्याच माणसाकडे जातात. फक्त त्या नंबरवर ओटीपी येतो म्हणून आप्पांच्या खात्यातून यूपीआयने किंवा एटीएमने पैसे काढायचे नाहीत, दादाने काढले असतील तर थांबव, बँकेत मृत्यूचा दाखला देऊन खातं रीतसर क्लेम करा. सगळे क्लेम झाले की मग ठेवायचा की सोडायचा ते तुझं तू बघ, मला परत पत्र लिहायची गरज नाही. आचाऱ्याचा रेट किती ठरला ते मात्र कळव, माझ्या मते पाचशे माणसांचा तो आकडा अजून खाली येतो.